टोपणभर औषध

गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं की पहिले एक-दोन दिवस नुसता काळा धूर येतो. उसाचं चिपाड नीट वाळलेलं नसतं, जाळ धरत नाही. मग जाळ बसतो, धूर पांढरा होतो, काहिलीतला रस उकळायला लागतो आणि एक गोड, जड वास सकाळच्या गारठ्यात आमच्या घरामागच्या परड्यातून स्वयंपाकघरात येऊन बसतो. पाहुणे म्हणतात, काय भाग्य तुमचं, दारात गुळाचा वास. मी मान हलवते. मला या वासानं लाज वाटते. दुसऱ्या कशाची लाज मला फारशी कधी वाटली नाही. मी तोंडानं फटकळ, आवाजानं मोठी, आणि खरं असेल ते तोंडावर बोलणारी, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्यातलं शेवटचं आता सांगत नाही.

गेल्याच्या गेल्या हंगामात माझ्या घशाची तपासणी होती, आणि मी खोकल्याचं औषध चोरून पीत होते. दोन्ही गोष्टी गल्लीत सगळ्यांना माहीत आहेत. तेव्हा इथं झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. उरली आहे ती लाज. दमेकऱ्याला थंडीत धाप लागते तशी ती मला हंगामात लागते.

आमचं गाव कोल्हापूरच्या कडेला. गाव कुठं संपतं आणि शहर कुठं लागतं ते आता रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. पूर्वी ओढ्याच्या काठानं गुऱ्हाळंच गुऱ्हाळं होती. आता ऊस कारखान्याला जातो, आमच्या परड्यामागचं एक गुऱ्हाळ तेवढं राहिलंय. लग्न होऊन आले त्या पहिल्याच थंडीत सासूनं मला तिथं चिपाडावर लावलं. चरकातून पिळून निघालेलं चिपाड पसरायचं, उलटायचं, वाळलं की डोक्यावरून चुलवाणाच्या तोंडाशी नेऊन टाकायचं. जाळ घालणारा खाली खड्ड्यात उभा असायचा. त्याचे डोळे तेवढे दिसायचे, बाकी सगळी राख. वर काहिलीपाशी गुळव्या. तो रसाकडं बघायचा त्यापेक्षा जास्त ऐकायचा. बुडबुड्यांचा आवाज बदलला की हात वर करायचा आणि आम्ही सगळ्या बाया बोलता बोलता गप्प व्हायचो. मला गप्प बसवणारा तो एकच माणूस होता म्हणा ना.

धुरानं घसा खवखवला की सासू काकवीत आलं किसून द्यायची. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक. घसा भाजायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि खोकला होता तसाच राहायचा. पण ते सगळ्यांसमोर, चुलीपुढं बसून घ्यायचं औषध होतं. कुणी ते डब्यामागं लपवलं नाही.

बाटलीतलं औषध खूप नंतर आलं. सासू गेली, नवरा गेला, चिपाड उचलणं सुटलं, पण हंगामातला खोकला माझ्याजवळ राहिला. औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक बाटली दिली. चिठ्ठी मागितली नाही. "आक्का, टोपणभर घ्या, गप पडताय बघा," म्हणाला. गावात मला सगळे आक्काच म्हणतात. मी टोपणभर घेतलं. खोकला गप्प झाला. त्याच्याबरोबर गुडघेही गप्प झाले, आणि डोक्यातली कटकटही. आतून कुणी शेक दिल्यासारखं वाटलं. हंगाम संपला, खोकला संपला, बाटली संपली नाही. एक संपायच्या आत दुसरी यायची. सकाळी घेतलं नाही तर नाक गळायचं, जांभया यायच्या, अंग मोडून यायचं. मी म्हणायची, वय झालं. मग टोपणभर घ्यायची आणि वय निघून जायचं.

हे व्यसन आहे असं मला वाटलं नाही. व्यसन बाटलीचं असतं. पण मी म्हणत होते ती बाटली वेगळी.

ते सांगावं लागेल. आमच्या गावात दारूचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. ते बंद करायला बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर म्हणजे बंद करा. सून घरात यायच्या आधीच्या एका थंडीत मी आणि हौसाबाई घरोघर फिरलो. हौसाबाई माझी मैत्रीण, चिपाडावरची जोडीदारीण. माझ्या पदराखाली एक रिकामी बाटली असायची. उंबऱ्यावर ती आडवी ठेवायची आणि घरातल्या बाईला म्हणायचं, "ही अशी. उभी न्हाय, आडवी. ध्यानात ठेव." नवरा घरात असला तर आणखी मोठ्यानं म्हणायचं. आडवी बाटली जिंकली. दुकान बंद झालं.

दुकान बंद झालं म्हणून पिणारे थांबले नाहीत. ते शहरातून पिऊन यायला लागले. मग आम्ही बाया संध्याकाळी गावच्या कमानीखाली उभ्या राहायला लागलो, ते वर्षानुवर्षं चाललं. बसमधून उतरेल त्या गड्याला अडवायचं आणि म्हणायचं, "पावणं, तोंडाचा वास द्या." मी पुढं असायची, माझं नाक चांगलं. एकदा दिनकर उतरला. आमच्याच गल्लीतला, गवंडी काम करणारा. बरोबर त्याची मुलगी होती, शाळेचं दप्तर पाठीवर.

"आक्का, पोरीसमोर नगं," तो हळू आवाजात म्हणाला.

"पोरीसमोरच," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्यानं तोंड उघडलं. मुलगी कमानीच्या खांबाकडं बघत राहिली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. तो आतून आलेला शेक मला आजही आठवतो.

माझी सून शोभा या घरात आली ती त्या नावावरच. तिचा बाप राधानगरीकडचा, दोन म्हशी आणि भाताचं शेत, आणि रोज संध्याकाळी झिंगलेला. स्थळ घेऊन तिची आई एकटीच आली होती. चहाला हात लावायच्या आधी तिनं मला विचारलं, "ते आडव्या बाटलीचं म्हणत्यात त्या आक्का तुमीच न्हवं?" मी हो म्हटलं. ती बाई रडायलाच लागली. "मग माझं काय मागणं न्हाय. पोरगी पदरात घ्या. ह्या घरात तिला बाटली दिसायची न्हाय, एवढं पुरे." माझ्या मुलाकडं तिनं नीट बघितलंसुद्धा नाही. तो फाउंड्रीत कामाला, पाळी असो नसो, घरात असला काय आणि नसला काय, सारखाच. शोभा खरं म्हणजे मला बघून दिलेली मुलगी.

गेल्याच्या गेल्या हंगामात माझा आवाज बसला. नुसता बसला नाही, चिरफाळला. दोन महिने झाले, उठेना. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतूवर काहीतरी गाठीसारखं दिसतंय, भूल देऊन दुर्बीण घालावी लागेल, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. काय असेल ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. शोभानं मात्र रिक्षात माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. मला असलं आवडत नाही.

तपासणीच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शोभाच्या वयाची बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. मला आवडली. ती म्हणाली, "आजी, हे काम थोड्या वेळाचं आहे, पण सोपं नाही. तुमचा गळा एकच. त्यातूनच तुम्ही श्वास घेणार आणि त्यातूनच डॉक्टर दुर्बीण घालून बघणार. एका वाटेवर दोन गाड्या. म्हणून मी शिरेतून दोन औषधं देते. एक अफूच्या जातीचं. त्यानं दुखत नाही आणि ठसका लागत नाही. दुसरं दुधासारखं पांढरं, त्यानं झोप लागते. नुसत्या पांढऱ्यावर भागवायचं तर ते जास्त द्यावं लागतं आणि रक्तदाब खाली येतो. आधी थोडं अफूचं दिलं की पांढरं कमी पुरतं. दोघं एकमेकांचं ओझं हलकं करतात."

अफू म्हटल्यावर मी कानाला हात लावला. "आगं बाई. अफू? मला?"

"औषधातली," ती हसली नाही. "पण दोघंही श्वास मंद करतात. एकेकटे करतात त्याहून मिळून जास्त करतात. तेवढं मी सांभाळते. मात्र आधीच कुणी तिसरा आत जाऊन बसला असेल तर मला कळलं पाहिजे. तंबाखू? मिश्री?"

"मिश्री लावतो."

"दारू?"

"मला इचारता व्हय? जाऊन आमच्या गावात इचारा."

"झोपेच्या गोळ्या? दुखण्याच्या? खोकल्याचं औषध? त्यातल्या काहींत हीच अफूच्या जातीची चीज असते."

शोभा माझ्या शेजारी बसली होती. ती जमिनीकडं बघायला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल.

"काकवी आनि आलं," मी म्हणाले. "दुसरं काय न्हाय."

खोटं बोलताना माझा आवाज हलला नाही. चिरफाळलेला होता, त्यात काही ओळखू आलं नसणार.

तपासणीच्या दिवशी सकाळी काही खायचं-प्यायचं नव्हतं. मी खाल्लं नाही. पण निघायच्या आधी न्हाणीत गेले, आणि कमरेला खोचलेली बाटली काढून तोंडाला लावली. टोपण केव्हाच सुटलं होतं. त्यात मला चूक दिसली नाही, उलट शहाणपण दिसलं. दुर्बीण घातल्यावर आपण खोकलो तर डॉक्टरांचं काम बिघडेल. लोकांच्या दारात जाऊन खोकत बसणं बरं दिसत नाही. जाताना खोकला बांधून जावा. असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला सांगतो तेव्हा फार गोड आवाजात सांगतो.

टेबलावर दिवा फार मोठा होता. माझी बांगडी काढायला लावली होती, पदर नव्हता, डोक्यावर कागदासारखी टोपी. हाताच्या शिरेत काहीतरी गार गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "हे पहिलं."

आणि मी ते ओळखलं.

हे मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. गुडघे गप्प झाले. डोकं गप्प झालं. आतून शेक आला. तोच. जास्त चांगला, जास्त स्वच्छ, पण तोच. गर्दीत आपल्या घरचं माणूस पाठमोरं ओळखावं तसं मी ते ओळखलं. मला कळलं की दुकानातल्या बाटलीत काय होतं, मी कोण झाले आहे, आणि कमानीखाली मी कुणाच्या तोंडाचे वास घेत होते. हे सगळं कळायला एक श्वास पुरला. सांगायला हवं होतं. जीभ जागेवर होती. पण इतकं बरं वाटत होतं की सांगावंसं वाटेना. मग हाताला आग झाली, पांढरं औषध चढलं, आणि दिवा विझला.

मला जाग आली ती थपडांनी. कुणीतरी गालावर मारत होतं आणि ओरडत होतं, "आजी, श्वास घ्या! मोठा श्वास! घ्या की!" मला ऐकू येत होतं. श्वास घ्यायचा असतो हे मात्र मी विसरले होते. कुणी सांगितलं की घ्यायची, सांगायचं थांबलं की विसरायची. इतकं सोपं काम, जन्मल्यापासून करत आले, आणि ते मला दुसऱ्यानं आठवण करून द्यावं लागत होतं. नंतर कळलं की दुर्बीण घालायच्या आधीच माझा श्वास थांबला होता. पिशवी दाबून दाबून त्यांनी माझ्या छातीत हवा भरली. तपासणी झालीच नाही. आणि तोंडावर मास्क धरताना डॉक्टरीणबाई खाली वाकली तेव्हा तिला माझ्या तोंडाचा वास आला होता. गोड, औषधी वास.

मला बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. दार उघडं होतं. बाहेर ती शोभाला विचारत होती.

"सकाळी काय दिलंत त्यांना?"

शोभाच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"ताई, मी विचारतेय. खोकल्याचं औषध दिलंत ना?"

"व्हय," शोभा म्हणाली. "मीच दिलं. रात्रभर खोकत हुत्या. दोन चमचं."

मग जे बोलणं शोभानं खाल्लं ते मी सगळं ऐकलं. शिकलेल्या दिसता, कळत नाही का, म्हातारं माणूस गेलं असतं, मग आमच्या नावानं रडला असता. बाकड्यावर बसलेले दहा लोक ऐकत असतील. शोभा फक्त "चुकलं डॉक्टर, चुकलं" म्हणत होती. मी जागी होते. शुद्धीत होते. हाक मारता आली असती, चिरफाळलेल्या आवाजात का होईना. मी डोळे मिटून घेतले आणि श्वास घेत राहिले. तेव्हा मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही.

गावच्या कमानीखालून रिक्षा गेली. घरी आल्यावर मी म्हणाले, "तू कशाला सांगितलंस तसं?"

शोभा चुलीवर पाणी ठेवत होती. "मग काय सांगू?"

"तुला ठावं हुतं?"

"आत्ती," सासूला ती आत्ती म्हणते, "रिकाम्या बाटल्या कोण टाकतंय वाटलं तुमाला? घंटागाडीत टाकल्या तर गाडीवाला बघंल, गावभर करंल. मी पोत्यात घालून पार हायवेपतोर नेऊन टाकतो. माहेरात बापाच्या टाकत हुतो, हितं तुमच्या." एवढं बोलून तिनं पाण्यात साखर घातली. रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी चार शब्द जास्त बोलून जिंकले असते.

मी परड्यात जाऊन बसले. गुऱ्हाळावर काहील उतरत होती. गडी बांबू घालून ती उचलतात आणि थंड व्हायला वाफ्यात गूळ ओततात, तेव्हा सगळे एकदम ओरडतात. तो आवाज ऐकत बसले. तिच्या आईनं चहा न पिता काय मागितलं होतं ते मला शब्दानं शब्द आठवत होतं.

तपासणी तर करायचीच होती. गाठ काही माझ्या लाजेची वाट बघत थांबणार नव्हती. काही दिवसांनी आम्ही परत त्या डॉक्टरीणबाईपुढं बसलो. तिचा शोभावरचा राग गेला नव्हता. माझ्याकडं न बघता तिनं शोभालाच विचारलं, "म्हणजे त्या दिवशीचे दोन चमचेच ना? एरवी रोज काही घेत नाहीत? नीट सांगा. मला त्यावरून माप ठरवायचं आहे. रोज घेणाऱ्याचं शरीर वेगळं वागतं."

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी ते बघणं विसरणार नाही. मी हो म्हणाले तर ती हो म्हणणार होती, मी गप्प बसले तर ती पुन्हा खोटं बोलणार होती, आणि त्या खोट्यावर माप धरून मला टेबलावर झोपवणार होते. ती माझी परवानगी मागत होती. माझा जीव जाईल अशा खोट्याची, माझंच नाव राहावं म्हणून.

"तिनं न्हाय दिलं," मी म्हणाले. "मी पितो. रोज."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "किती?"

"किती म्हंजे?"

"किती टोपणं?"

"टोपणानं मोजायचं कवाच सुटलं. चार दिसांत बाटली जाती. कवा तीन दिसांत."

"कधीपासून?"

"ह्या पोरीचं लेकरू बालवाडीत हुतं तवापासनं. आता ते धाव्वीला हाय."

तिनं पेन परत उचलून ते लिहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या सुनेला मी नको नको ते बोलले. तुम्ही आत होता. ऐकलं असेल."

"समदं ऐकलं."

"मग?"

"लाज वाटली."

"लाजेपायी माणसं मरतात आजी. माझ्याच टेबलावर." मग ती शोभाकडं वळली आणि म्हणाली, "ताई, माफ करा." शोभानं पदर तोंडाला लावला. एवढ्या वर्षांत मी ज्या घरात राहते तिथं शोभाला कुणी माफ करा म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तर नाहीच.

एकदम बंद करायचं नव्हतं. एकदम बंद केलं तर अंग बंड करतं, म्हणाली. ती सांगेल तसं थोडं थोडं कमी करायचं आणि तपासणीच्या सकाळी काय घ्यायचं तेही तीच ठरवणार. बाटली शोभाच्या ताब्यात. सकाळ-संध्याकाळ शोभा चमचा घेऊन यायची आणि मी तोंड उघडायची. माझं नाक गळत असायचं, पोट बिघडलेलं, पायांत मुंग्या. एकदा चमचा अर्धा आहे म्हणून मी तिच्यावर ओरडले. आवाज नव्हताच, नुसती हवा बाहेर आली. ती म्हणाली, "वरडू नगासा, गळा दुखंल." आणि अर्धाच चमचा दिला.

त्याच दिवसांत हौसाबाई आली. गावात परत एक बिअरचं दुकान येणार म्हणून बोलत होते, पुन्हा बाया गोळा करायच्या होत्या. "आक्का, तू पुढं हो. तुझ्याबिगर काय न्हाय."

मी तिला सगळं सांगितलं. एकदा बोलायला सुरुवात केली की मला थांबता येत नाही, तसंच हे. हौसाबाईनं तोंडावर हात ठेवला, मग तो काढला, आणि खदाखदा हसायला लागली. "म्हंजे आक्का, तूच आडवी झालीस की गं!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीत मी रांगेत उभी राहिले तर पुढची दोन माणसं बाजूला झाली. आधी मान देऊन व्हायची, तशी नाही.

दिनकर मला भेटला तो गुऱ्हाळापाशी. तो आता पीत नाही. त्याच्या मुलीचं लग्न झालं, पुण्याकडं असते, बापाकडं फार येत नाही म्हणतात. समोरून येत होता, अंगावर सिमेंट. मी थांबले. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलावं असं मला वाटत होतं. चार लोकांत मला म्हणाला असता, आक्का, तोंडाचा वास द्या, तर मी तोंड उघडलं असतं आणि फिटलं असतं. पण त्यानं मला बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. मला टाळायला नाही. मला कुणाच्या नजरेपुढं उभं राहावं लागू नये म्हणून. मला ते कळलं. मान वळवायला त्यानं फार सावकाशपणा केला. एवढी अदब मी त्याच्या मुलीसाठी दाखवली नव्हती.

तपासणी झाली. दोन्ही औषधं दिली, डॉक्टरीणबाईंच्या मापानं. पहिलं गेलं तेव्हा मी त्याला ओळखलं आणि या वेळी बोलले, "आलं बगा ते." ती म्हणाली, "येऊ दे. मी आहे." मग पांढरं. उठले तर सगळं संपलं होतं. तुकडा तपासून आला. वाईट काही नव्हतं. वर्षानुवर्षं धूर, मिश्री आणि ओरडणं, यांनी वाढलेला गड्डा, असं घशाचे डॉक्टर म्हणाले. आवाज परत आला, पूर्वीचा नाही. आता मी हाक मारली तर शेजारच्या घरापर्यंत जाते, कमानीपर्यंत जात नाही. शोभाची आई भेटायला आली होती. तिला कुणी काही सांगितलं होतं का, मला कळलं नाही. तिनं या वेळी काही न विचारता, काही न मागता चहा प्यायला. मला ते जास्त लागलं.

लोक म्हणतात, होतं, म्हातारपणी माणूस चुकतो, त्यात काय एवढं. मला ती सूट नको आहे. मी म्हातारपणामुळं चुकले नाही. दुसऱ्याच्या हातातली बाटली मला दिसायची आणि आपल्या कमरेची दिसायची नाही, याला वय लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली तसं दोघं मिळून एकमेकांचं ओझं हलकं करतात. माझ्याबाबतीत ती दोन औषधं मी फार आधीपासून मिसळत होते. गावात मिळणारा मान आणि घरात मिळणारं टोपण. एकाच्या जोरावर दुसरं कमी दिसायचं. श्वास शोभाचा कोंडत होता.

आता पुन्हा हंगाम आहे. चुलवाण पेटलं आहे. या वेळी खोकला मला नाही, शोभाला लागला आहे. कोरडा, सारखा खोकला, भाकरी थापतानासुद्धा थांबत नाही. डॉक्टरकडं जाऊन आली, त्यानं औषध दिलं. घरात मात्र बाटली दिसली नाही. मग लक्षात आलं की दुपारी भांडी झाली की ती म्हणते, "मी जाऊन येतो हं आत्ती, शेजारी." आणि लगेच परत येते. एकदा मी दारात उभी होते. ती शेजारच्या घरातून बाहेर आली, पदराच्या टोकानं ओठ पुसत. मला बघून दचकली. पुसायचं थांबवलं, मग परत पुसलं.

आपल्या घरातून बाहेर जाऊन, दुसऱ्याच्या दारामागं उभं राहून ती औषध पिते. साधं, चिठ्ठीवर लिहून दिलेलं, स्वतःच्या खोकल्याचं.

"शोभा," मी म्हणाले, "बाटली घरात आण. चोरी करावी तसं काय करालीस?"

तिनं चूल फुंकली. धुरानं तिला पुन्हा उबळ आली. ती संपायची मी वाट बघितली.

"आणतो की," ती म्हणाली. "पर आत्ती, तुमी प्याल."

मी तोंड उघडलं. न्हाय म्हणायला एकच शब्द लागतो, आणि तेवढा आवाज मला आता आहे. पण ती माझ्याकडं बघत होती. ते खोटं मला तिच्यासमोर बोलवेना. मी तोंड मिटलं, आणि तिच्यासाठी काकवीत आलं किसायला घेतलं.